रोहतांग : अलीकडे पाऊस, पलीकडे पाट

महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माणदेशात पाचशेची मारामार असते. डोंगर ढग कसा अडवतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. हाच प्रकार हिमालयात जवळजवळ तिप्पट उंचीवर घडतो. तेथील शेतकऱ्याने त्यातून वाट कशी काढली, ते आज पाहू.

हिमाचल प्रदेशात मनालीहून रस्त्याने ५१ किलोमीटर चढून गेले की रोहतांगची खिंड लागते. उंची ३९७८ मीटर, म्हणजे सुमारे तेरा हजार फूट. मनाली आहे दोन हजार मीटरवर. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. वाटेत आधी देवदार संपतो, मग भूर्जाची खुरटी झाडे, मग नुसते गवत आणि शेवटी दगड. आपण किती चढलो ते झाडेच सांगतात.

ही खिंड पीर पंजाल नावाच्या डोंगररांगेत आहे. आपल्या घाटातल्या खिंडीसारखी ती चिंचोळी नाही. वर चांगले रुंद, उघडे माळरान आहे, आणि म्हणूनच धोका. दुपारनंतर वारा उठतो, बर्फाचे वादळ झाले तर आडोसा नाही. त्यामुळे जुने वाटसरू पहाटे निघून दुपारच्या आत पलीकडे उतरत. रोहतांग या नावाचा अर्थच प्रेतांचा ढीग असा सांगतात.

खिंडीच्या दक्षिण अंगाला बियास नदी उगम पावते. ती कुलू-मंडीवरून पंजाबात हरिके येथे सतलजला मिळते. उत्तर अंगाचे पाणी चंद्रा नदीत जाते. तांदी येथे चंद्रेला भागा मिळाली की पुढे तीच चिनाब. एका माथ्यावरचे पाणी असे दोन दिशांना जाते. पुढे पाकिस्तानात सतलज आणि चिनाब पुन्हा एक होतात, ही गंमतच म्हणायची.

आता पलीकडच्या लाहौलची शेती. कुलूकडे मोसमी पाऊस भरपूर. तो पीर पंजालला अडतो आणि लाहौलच्या वाट्याला फारच थोडा येतो. तेथे पाणी मिळते ते हिवाळ्यात, बर्फाच्या रूपाने. ते आणणारे ढग पश्चिमेकडून येतात. मे-जूनमध्ये हे बर्फ वितळते, नंतर हिमनद्यांचे पाणी येते. डोंगराच्या कडेने खोदलेल्या पाटांतून ते शेतात घेतात. या पाटांना तिकडे कुहल म्हणतात. आपण पाझर तलावात पाणी साठवतो. त्यांचा तलाव म्हणजे डोंगरमाथ्यावरचे बर्फ. ज्या हिवाळ्यात ते कमी पडते, त्या उन्हाळ्यात पाट लवकर आटतो. कोरडे हिवाळे अलीकडे वारंवार येऊ लागले आहेत. हीच तेथील शेतकऱ्याची खरी काळजी आहे.

वर्षात पीक एकच. पूर्वी जव आणि कुट्टू घेत. नंतर बटाटा, वाटाणा, फ्लॉवर आले. बटाट्याचे तर विशेष आहे. थंड, कोरड्या हवेत मावा फार कमी, त्यामुळे माव्यातून पसरणारे विषाणू रोगही कमी. म्हणून लाहौलच्या बटाट्याला मैदानी भागात बेणे म्हणून मागणी आली. वाटाणाही मैदानात मिळत नाही अशा दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये निघतो. उशिराचा हंगाम हेच त्यांचे भांडवल. गद्दी मेंढपाळही उन्हाळ्यात कळप घेऊन हाच माथा ओलांडतात व थंडीपूर्वी परततात.

अडचण होती वाहतुकीची. नोव्हेंबरच्या सुमारास खिंड बंद झाली की ती मे महिन्याच्या आसपास उघडे. सरपण, धान्य, चारा, औषध सारे आधीच भरून ठेवायचे. बाळंतपण अडले तर हेलिकॉप्टरची वाट पाहायची, आणि तेही हवा स्वच्छ असेल तरच. ३ ऑक्टोबर २०२० रोजी डोंगराच्या पोटातून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली-केलांग अंतर ४६ किलोमीटरने घटले. वाटाण्याची गाडी आता माथ्यावर चढत नाही. हिवाळ्यात कडे कोसळून किंवा हिमप्रपाताने रस्ता अजूनही बंद पडतो, पण सहा महिन्यांची कोंडी सुटली.

पाऊस मात्र बोगद्यातून जात नाही. लाहौलचा शेतकरी आजही फाल्गुनात माथ्यावरचे बर्फ पाहून अंदाज बांधतो, यंदा पाटाला पाणी किती दिवस टिकेल.