मोहोपाड्यातल्या चिमुरड्यांची स्कॉलरशिप

मोहोपाड्यात शाळेबाहेर यशस्वी मुलांच्या फोटोंचा फलक लागला की मी थांबून वाचतेच. त्यात सर्वांत जास्त कौतुक मला शिष्यवृत्ती परीक्षेचं! ही परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहे. आधी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय घेतला आहे. मुलं लहान आहेत म्हणून नाराज झालेले पालक भेटतात. मला मात्र हा बदल आवडला. चौथीतल्या मुलांना कोडी मनापासून आवडतात.

परीक्षेचं स्वरूप असं: दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, प्रत्येकी दीड तास. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. म्हणजे प्रश्नामागे जेमतेम सव्वा मिनिट! पात्र ठरायला दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के हवेत.

१९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स कंपनीच्या आमच्या रसायनी परिसरातल्या कारखान्यामुळे आणि नंतरच्या कारखान्यांमुळे ठिकठिकाणची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी कुटुंबं इथे आली. ही परीक्षा मराठीखेरीज उर्दू, हिंदी, गुजराती, इंग्रजी, तेलुगू आणि कन्नड माध्यमांतूनही देता येते, हे अशा शेजाऱ्यांना जरूर सांगा.

तयारीला पाठांतर कमी, सराव जास्त. घड्याळ लावून जुने पेपर सोडवून घ्या आणि उत्तरपत्रिकेतले गोल नीट भरायला आधीच शिकवा.