अरुंद दार व नवी झडप

1993 च्या भूकंपापूर्वी आपल्या सास्तुरातील कित्येक घरांच्या भिंती जाड दगडांच्या असत. अशा भिंतीत मोठे दार बसवावयाचे, तर ती थोडी फोडावीच लागे. हृदयाचेही तसेच होय. डाव्या कप्प्यातून महारोहिणीत रक्त सोडणारी झडप आकसली, तर शस्त्रवैद्य कृत्रिम झडप बसवितात. परंतु मुळाशी जागाच अरुंद असेल, तर तेथे मावणाऱ्या लहान झडपेने हृदयाचे श्रम पुरेसे हलके होत नाहीत. अशा वेळी महारोहिणीच्या मुळास छेद देऊन ठिगळ शिवितात व मोठी झडप बसवितात. ऑस्ट्रेलियातील निक्स यांनी 1970 साली अशी एक रीत प्रसिद्ध केली. घसादुखीमागून येणाऱ्या संधिवाताच्या तापानेही ही झडप बिघडते. म्हणून मुलांनो, घसा दुखून ताप आल्यास आईबापांस लागलीच सांगा. आणि पालकहो, औषधोपचारास विलंब करू नका.