‘खांदा सरकलाय’ म्हणण्याआधी

घाटाखाली मलकापूर-खामगावकडे कापसाची वेचणी असो की घाटावर चिखली-मेहकरकडे सोयाबीनचे कट्टे थप्पीला लागत असोत, हंगाम सरता सरता एक तक्रार घरोघर ऐकू येते : ‘हात वर जात नाही.’ निदान शेजारीच करून टाकतात.

गैरसमज : खांदा सरकलाय, झटका देऊन बसवा.
वस्तुस्थिती : खांदा खरोखर निखळला तर त्याची गोलाई मोडते आणि हात हलवणंच अशक्य होतं. तेव्हाही झटका धोक्याचाच, आधी एक्स-रे हवा. एरवी बहुतेकदा दुखावते ती स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याची खोबण उथळ, जणू बशीवर ठेवलेलं लिंबू. ते जागेवर धरतात फऱ्यावरून निघणारे चार स्नायू : एक पुढून, एक वरून, दोन मागून. हाच ‘रोटेटर कफ’.

गैरसमज : हात उचलतो तो खांद्यावरचा मोठा स्नायूच.
वस्तुस्थिती : जोर त्याचा, पण तो एकटा ओढू लागला तर गोळा वर सरकून हाडाच्या छताला घासेल. कफ गोळ्याला खोबणीत दाबून ठेवतो. वरची कंडरा त्याच छताखालच्या फटीतून जाते. म्हणून हात बाजूने उचलताना साधारण 60 ते 120 अंशांत कळ येते, पुढे ओसरते.

गैरसमज : एक्स-रे चांगला, म्हणजे काही नाही.
वस्तुस्थिती : कंडरा एक्स-रेत दिसत नाही. ती सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दिसते. मात्र साठीनंतर न दुखणाऱ्या खांद्यातही फाट सापडते. फाट दिसली म्हणजे ऑपरेशनच, असं नाही; अनेकांना काही आठवड्यांच्या, महिन्यांच्या व्यायामाने उतार पडतो.

गैरसमज : हात वर जात नाही, म्हणजे फ्रोझन शोल्डर.
वस्तुस्थिती : दुसऱ्याने उचलल्यावर हात वर गेला तर संशय कफवर. त्यालाही उचलता येत नसेल, तर सांध्याचं आवरण आखडलेलं असू शकतं; मधुमेह्यांत हे जास्त आढळतं. दोन्हींत हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवला तर ताठरपणा वाढतो.

पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला तर हंगाम संपायची वाट पाहू नका. डाव्या खांद्यासोबत छातीत दाब आणि घाम असेल तर आधी हृदय तपासा. एरवी, गाठोडं एकट्याने डोक्यावर चढवण्याआधी बांधावरच्या माणसाला हाक मारा : ‘जरा हात लावा.’