सांगाडा उभा राहिला, स्लॅब खाली आला: ट्रसची परीक्षा लॅबमध्ये कशी होते?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलल्यासारखंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातूनच सुरू होतो. २७ नोव्हेंबर २०२२, रविवार, संध्याकाळची वेळ. बल्लारशा जंक्शनवर गाडी पकडायला प्रवासी पादचारी पुलावरून निघाले होते. अचानक पुलाच्या प्रीकास्ट स्लॅबचा, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या लादीचा, काही भाग कोसळला. माणसं खाली रुळांवर पडली. एका महिलेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले.

त्या वेळचे फोटो आठवा. लोखंडी सांगाडा जागेवर उभा आहे आणि मधली चालायची जागाच गायब! मग प्रश्न पडतो, पूल ‘मजबूत’ आहे म्हणजे नेमकं काय मजबूत आहे?

त्रिकोणच का?

आपल्याकडे कवेलूच्या घराला लाकडी कैची असते ना, तोच ट्रस. सरळ दांडे जोडून केलेले त्रिकोण. आइस्क्रीमच्या चार काड्यांचा चौकोन करा, कोपऱ्यांना टाचण्या लावा आणि बाजूनं ढकला. लगेच तिरका होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करून ढकला. काडी मोडल्याशिवाय किंवा टाचणी निघाल्याशिवाय तो आकार सोडत नाही.

समजा, तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाच्या टोकावर १०० किलो वजन ठेवलं. दोन्ही तिरप्या दांड्यांवर प्रत्येकी साधारण ५८ किलोचा दाब येतो आणि खालचा आडवा दांडा साधारण २९ किलोच्या जोरानं ताणला जातो. म्हणजे एकाच वजनाखाली कुणी दाबलं जातंय, तर कुणी ओढलं जातंय.

हा फरक महत्त्वाचा आहे. प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढा, काही होत नाही. तीच उभी धरून वरून दाबा, मधूनच बाहेर फुगते. याला बकलिंग म्हणतात. सडपातळ दांड्याची लांबी दुप्पट केली, तर तो चौपट कमी वजनाला असा फुगतो. म्हणून लांब दांड्यांना मध्ये आधार देतात.

लॅबमध्ये काय करतात?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी हा प्रयोग पाहिलाय. एका जाडजूड लोखंडी चौकटीत, म्हणजे लोडिंग फ्रेममध्ये, छोटा ट्रस बसवतात. हायड्रॉलिक जॅकनं वजन टप्प्याटप्प्यानं वाढवतात. दांड्यांवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. दांडा केसाएवढा जरी ताणला, तरी त्या पातळ तारेचा विद्युत रोध बदलतो आणि आकडा स्क्रीनवर दिसतो. खाली लावलेला डायल गेज सांगतो, ट्रस किती वाकला.

या सगळ्यातून तीनच प्रश्नांची उत्तरं हवी असतात. किती वाकलं? वजन काढल्यावर परत आलं का? आणि सगळ्यात आधी कुठे तुटलं?

दुसरा प्रश्न लोक विसरतात. वाकणं हा गुन्हा नाही, परत न येणं धोक्याचं. काँक्रीटच्या बांधकामाबद्दल शंका असेल, तर आयएस ४५६ या भारतीय मानकात चाचणी दिली आहे. ठरलेल्या वापराच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचं, मग काढायचं. पुढच्या २४ तासांत आलेला वाक किमान ७५ टक्के भरून निघाला पाहिजे.

लाकडाचीही अशीच परीक्षा होते. आलापल्लीच्या सागवानाचं कौतुक आपण करतोच, पण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेनं इतर लाकडांची तुलना करताना सागालाच १०० गुण धरले! चाचणीचा लहान नमुना २ सेंमी जाड, २ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब असतो. त्यात गाठ नको, चीर नको. ओलावाही मोजतात, कारण ओलं लाकूड सुकलेल्या लाकडापेक्षा कमजोर असतं. बांबूचं तर आणखी वेगळं. तो ओढीला जबरदस्त, पण जोडावर उभा चिरतो. म्हणून बोल्ट जिथे जातो, ती पोकळी बरेचदा सिमेंटच्या मसाल्यानं भरतात.

मग बल्लारशाचं काय?

लॅबमधला ट्रस स्वच्छ असतो आणि वजन हळूहळू येतं. खऱ्या पुलावर गंज असतो, पावसाचं पाणी मुरतं आणि माणसं धावतात. हळूच ठेवलेलं वजन आणि एकदम सोडलेलं वजन यांत फरक आहे. उंचीवरून न टाकता नुसतं एकदम सोडलं, तरी क्षणभर वाक जवळपास दुप्पट होतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही: ट्रसचे सगळे दांडे पास झाले, म्हणजे पूल पास झाला असं होत नाही. माणूस दांड्यावर चालत नाही, स्लॅबवर चालतो. स्लॅब ज्या आधारावर टेकलाय तो आधार, तिथला बोल्ट, वेल्डिंग, हे सगळं एकाच साखळीत आहे. साखळी तुटते ती सगळ्यात कच्च्या कडीपाशी. तपासणी करणाऱ्यानं ती कडी पाहिलीच नाही, तर मजबूत सांगाड्याचा चालणाऱ्याला काय उपयोग?

आपल्या हातात काय आहे?

स्ट्रेन गेज नाही, पण डोळे आणि फोन आहेत. पुलावर पायाखाली हलणारी लादी, सांध्यातून गळणारं गंजाचं तांबडं पाणी, स्लॅबखाली उघडी पडलेली सळई, गायब बोल्ट, पूर्वी नव्हता असा झोल... यातलं काही दिसलं की फोटो काढा. तारीख आणि जागा लिहा. स्टेशनवर असाल, तर स्टेशन मास्तरांना सांगा किंवा १३९ वर फोन करा. शाळेचं किंवा समाजमंदिराचं छप्पर असेल, तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि हो, काड्यांचा ट्रस करून बघाच. वजन टाकताना स्लो मोशनमध्ये शूट करा, आधी काडी मोडते की जोड सुटतो ते नीट पाहा. बहुतेकांचा जोडच सुटतो!

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा.