भाकरीसाठी की मायेसाठी?



मागे एका पाड्यावर बायकांच्या बैठकीला गेले होते. बोलता बोलता एक ताई म्हणाल्या, "दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गुजरातेत जातो, तेव्हा कुत्रं गाडीमागे पार वळणापर्यंत धावतं. होळीला परत येतो, तर पायात लोळण घेतं. इतके महिने त्याला आमच्या हातचा तुकडाही नसतो. मग ही माया नाही तर काय?" शेजारची लगेच म्हणाली, "अगं, जनावर ते! भाकरी टाकेल त्याचं." दोघींचं ऐकून मलाही वाटलं, खरं कोणाचं? आज त्यावरच बोलू.

सुरुवात भाकरीनेच झाली, हे खरं. निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी काही लांडगे माणसांच्या वस्तीजवळ राहू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाळत गेले, त्यांचीच ही कुत्री. पण सुरुवात भाकरीने झाली म्हणून नातं तिथेच थांबलं, असं नाही.

बाळ छातीशी आलं की आपल्याला पान्हा फुटतो. तो ज्या रसायनामुळे फुटतो, त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. आईची बाळावरची माया घट्ट व्हायलाही ते मदत करतं. 2015 साली जपानमधल्या अभ्यासकांनी कुत्री आणि त्यांचे मालक यांना अर्धा तास एकत्र ठेवलं. जी कुत्री मालकाच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिली, त्यांच्या आणि मालकांच्याही शरीरात हे रसायन वाढलेलं दिसलं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं दिसलं नाही.

अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता बसायला शिकवलं. भूल नाही, बांधणं नाही. मग कधी खाऊ दिला, कधी मालकाने नुसती शाबासकी दिली. बहुतेक कुत्र्यांच्या मेंदूतला आनंदाचा भाग शाबासकीनेही खाऊइतकाच, काहींचा तर जास्तच जागा झाला.

ही झाली घरात पाळलेली कुत्री. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांचं काय? कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरची कुत्री अभ्यासली. काहींना खायला दिलं, काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकला तो हात फिरवलेल्या कुत्र्यांनी.

म्हणजे पहिल्या ताईंचं म्हणणं खोटं नाही. कुत्र्याला आपला माणूस कळतो, त्याच्या जवळ असण्याचा आनंद होतो, तो गेला की ओढ लागते. पण त्याची माया अगदी माणसासारखीच असते, असंही धरून चालू नका. कोंबडीचं पिल्लू मारून कुत्रं मान खाली घालतं, तेव्हा आपण म्हणतो, चूक कळली त्याला. 2009 साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी हे तपासलं. चूक केलेली असो वा नसो, मालक रागावला की कुत्रं तसंच तोंड करतं. तो पश्चात्ताप नसतो, आपल्या रागाची भीती असते. म्हणून नंतर मारून काही शिकवता येत नाही, विश्वास मात्र जातो.

आणि माया आहे म्हणून चावणार नाही, असंही नाही. दुखत असलं, पिल्लं जवळ असली, खाताना कुणी डिवचलं, तर घरचं कुत्रंही चावतं. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा. तिथे लस मोफत मिळते. सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचवणं जवळजवळ अशक्य असतं. कुत्र्यालाही तीन महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात लस टोचून घ्या, आणि पुढे दरवर्षी.

दत्ताच्या तसबिरीतल्या कुत्र्यांना आपण हात जोडतो, पण दारातल्याला "हाड" म्हणतो. रात्री शेळ्यांच्या गोठ्याशी बिबट्या आला, तर आधी जीव धोक्यात घालतं तेच. म्हणून ऊसतोडीला निघताना घराची किल्ली जिच्याकडे देता, तिलाच कुत्र्याच्या भाकरीचंही सांगून जा. जमलं तर थोडी ज्वारी तिच्याकडे ठेवा. दावणीला बांधून जाऊ नका.

आपण परत येणार आहोत, हे त्याला सांगता येत नाही. तोवर त्याचं पोट भरेल, एवढं आपल्या हातात आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.