कूलरचा कोरडा दिवस



भीमजयंती आटोपली की विदर्भातल्या वस्त्यांमध्ये कूलर बाहेर निघतात. कुणाच्या खिडकीत, कुणाच्या दारात, कुणाकडे चार विटा रचून त्यावर. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली तान्हे बाळ असेल, म्हातारे माणूस असेल, तर कूलर ही चैन नाही, गरज आहे. म्हणून कूलर वापरू नका असे मी सांगणार नाही. पण याच कूलरमुळे उन्हाळ्यात करंट लागून माणसे दगावतात आणि पावसाळ्यात त्याच्याच टाकीतून डेंग्यू घरात शिरतो. दोन्ही टाळण्यासाठी एक सवय पुरते. आठवड्यातून एक दिवस प्लग काढायचा, टाकी रिकामी करायची, घासायची आणि वाळवायची.

पाणी ओतले, तरी अंडी राहतात

वस्तीत फिरताना टाकीतल्या अळ्या दाखवल्या की बाया सांगतात, "ताई, पाणी तर परवाच बदललं." त्या खोटे बोलत नाहीत. पण नुसते पाणी बदलून भागत नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास काळा असतो, पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. चिकनगुनियाही तोच पसरवतो. त्याला गटाराचे घाण पाणी लागत नाही, घरातले स्वच्छ साचलेले पाणी आवडते. मादी अंडी घालते ती टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती बारीक काळी अंडी भिंतीला चिकटून बसतात. पाणी ओतले तरी जात नाहीत. कोरड्या टाकीतही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की त्यातून अळ्या निघतात. म्हणून पाणी ओतणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम काथ्याचे आहे.

उन्हाळ्या-पावसाळ्याच्या हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याचा नियम त्यावरूनच आला. सातव्या दिवसाच्या आत टाकी घासली, तर अळीचा डास होत नाही.

स्विच बंद म्हणजे करंट बंद नव्हे

कूलरमध्ये लोखंड, पाणी आणि वीज एकाच डब्यात असतात. पंपाची वायर पाण्यात भिजून चिरते, मोटरमध्ये ओल शिरते आणि २३० व्होल्टचा करंट लोखंडी बॉडीत उतरतो. बोर्डाचे वायरिंग उलटे झाले असेल, तर स्विच बंद करूनही कूलरमध्ये करंट राहतो. म्हणून स्विच बंद करून प्लगही बाहेर काढायचा. दोन्ही केल्याशिवाय हात लावायचा नाही.

प्लग तीन पिनांचाच हवा. वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती तोडून दोन पिनांवर कूलर चालवणे म्हणजे जीव वाचवायची वाट आपल्याच हाताने बंद करणे. पिन शाबूत असली, तरी घराला अर्थिंग नसेल तर तिचा उपयोग नाही. वायरमनकडून एकदा तपासून घ्या. भाड्याचे घर असेल, तर घरमालकाकडे मागा. जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. साधा फ्यूज घरातली वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट इतका थोडा असतो, की त्याने फ्यूज उडत नाही.

टिनाच्या भिंतीला कूलर टेकवू नका, नाहीतर करंट अख्ख्या भिंतीत उतरू शकतो. कपडे वाळवायची तार कूलरला बांधू नका. चालू कूलरमध्ये पाणी भरायला लेकरांना पाठवू नका, आणि आपणही चालू कूलरमध्ये भरू नका.

घरच्या घरी सफाई

१. स्विच बंद करा, प्लग काढा, पंखा पूर्ण थांबू द्या. पायात कोरडी चप्पल असू द्या.

२. तिन्ही बाजूंच्या ताट्या काढा. साध्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवा. गवत काळे पडले असेल, कुबट वास येत असेल, तर ताटी बदला. तशा ताटीतून येणाऱ्या हवेने दम्याच्या माणसाला त्रास होतो.

३. टाकीतले पाणी कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ओता, अळ्या तिथेच मरतात. नालीत ओतू नका, तिथे त्या जगू शकतात. टँकरचे पाणी वाया घालवणे जिवावर येते, हे मला कळते. ते फडक्याने गाळून संडासात किंवा अंगण धुवायला वापरा. फडके उन्हात टाका.

४. कपड्याच्या पावडरीने आणि काथ्याने टाकीच्या चारही भिंती, कोपरे आणि कड घासा. पाण्याची पांढरी रेषा जिथे दिसते, तिथे जास्त जोर लावा.

५. पंपाच्या जाळीतला गाळ काढा. खार जमला असेल, तर लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून घासा. त्याच वेळी वायर नीट पाहा. चिरलेल्या वायरीला टेप गुंडाळून ती पुन्हा पाण्यात सोडू नका, बदलून घ्या.

६. टाकी दोन-तीन तास कोरडी पडू द्या. सगळे जोडून पाणी भरा आणि शेवटी प्लग लावा.

कूलर खिडकीत लावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल असते, कूलर गार करत नाही. तेव्हा टाकी घासून, वाळवून, झाकून ठेवा. छपरावर उघडा पडलेला कूलर पावसाचे पाणी साठवतो आणि तिथे डास वाढतात.

तरीही ताप आला, करंट लागला तर

जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे ही डेंग्यूची लक्षणे असू शकतात. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच द्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, खरा धोका बऱ्याचदा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती, यापैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

करंट लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल आणि श्वास चालत नसेल, तर त्याला पाठीवर निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

एक वस्ती, एक दिवस

हा डास फार लांब उडत नाही. बहुतेक वेळा तो जिथे जन्मतो, त्याच्या आसपासच्या घरांतच चावतो. माझी टाकी स्वच्छ आणि शेजारणीची भरलेली, तर माझ्या लेकराला ताप येणारच. म्हणून दिवस सगळ्यांनी मिळून ठरवा. रविवार सोयीचा आहे. सकाळी वंदनेला विहारात जाण्याआधी टाकी घासून उघडी ठेवली, तर परत येईपर्यंत ती वाळलेली असते. विहारातल्या कूलरचीही पाळी लावा. आणि हे काम घरच्या बाईवर टाकू नका. भरलेली टाकी ओतायला ताकद लागते, घरच्या तरुण पोरांनी हात लावावा. या रविवारपासूनच सुरुवात करा. आणि लक्षात ठेवा, आधी प्लग, मग हात.