सशापासून सुटका

‘व्हीडीआरएल’च्या बाटलीत उपदंशाचा जिवाणू नसतो, त्याचा तुकडाही नसतो. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत हमखास लिहून दिल्या जाणाऱ्या या चाचणीतला मुख्य घटक म्हणजे कार्डिओलिपिन, मुळात बैलाच्या हृदयातून मिळवलेला एक मेद. 1906 मध्ये बर्लिनमध्ये वासरमन आणि सहकाऱ्यांनी उपदंशाची पहिली रक्तचाचणी बसवली, ती उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरून. अर्कात जिवाणू खच्चून भरलेले आहेत, म्हणून चाचणी चालते, असा त्यांचा समज होता. वर्षभरातच लक्षात आले की निरोगी अवयवाचा अर्कही तेच काम करतो. त्या अर्कातला खरा कर्ता कोण, हे न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या मेरी पँगबॉर्न यांनी 1941 मध्ये शोधून काढले. म्हणजे पस्तीस वर्षे जगभरचे डॉक्टर एका चाचणीवर विसंबून होते आणि ती का चालते हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. वैद्यकाच्या इतिहासात असे बरेच आहे, पण इतके ठळक उदाहरण विरळा.

उपदंशात पेशींची नासधूस होते, मेद बाहेर पडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. व्हीडीआरएल ती पकडते. पण कुष्ठरोग, मलेरिया, ल्युपस यांतही तसेच घडू शकते, कधी कधी नुसत्या गरोदरपणातही. चोर न पाहता शेजाऱ्यांच्या आरडाओरड्यावरून चोरी झाल्याचे ठरवावे, तसा हा प्रकार आहे. चोरालाच समोर आणायचे तर हाताशी खुद्द जिवाणू हवा, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

ट्रेपोनेमा पॅलिडम हा जिवाणू 1905 मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना दिसला. 6 ते 15 मायक्रोमीटर लांब आणि जेमतेम 0.2 मायक्रोमीटर जाड असा तो मळसूत्रासारखा पिळलेला असतो. साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही, त्यासाठी डार्क फील्ड लागते. काचेच्या बशीत तर तो वाढतच नाही. 1998 मध्ये त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्याचे कारण कळले. साधारण 11 लाख 38 हजार अक्षरांच्या त्या संचात मेदाम्ले बनवण्याची सोय नाही, न्यूक्लिओटाइड बनवण्याची नाही, बहुतेक अमिनो आम्लेही बाहेरूनच घ्यायची. सगळा संसार यजमानाच्या जिवावर. ई. कोलाय हा जिवाणू मनासारखे खायला मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला तीस तासांहून अधिक लागतात.

म्हणून ससा आला. 1912 मध्ये वॉशिंग्टनमध्ये मज्जासंस्थेच्या उपदंशाच्या एका रुग्णाच्या पाठीच्या पाण्यातून निकोल्स यांनी एक वाण वेगळा काढला आणि तो सशांच्या वृषणांत टोचला. पुढची शंभर वर्षे तो या सशातून त्या सशात असाच चालत राहिला. टोचल्यावर दहाएक दिवसांत वृषण सुजतात, मग ससा मारून जिवाणू धुऊन घ्यायचे. टीपीएचए ही 1960 च्या दशकातली, आजही वापरात असलेली चाचणी याच मालावर उभी राहिली. असे जिवाणू फोडून तांबड्या पेशींवर चढवायचे आणि रुग्णाच्या रक्तद्रवाने त्या एकमेकींना चिकटतात का ते पाहायचे. चाचणी चांगली, पण माल थोडा आणि महाग, त्याला सशाची प्रथिने चिकटलेली, आणि प्रत्येक खेप वेगळी. शिवाय प्राण्यांचे हाल आहेतच.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये या जिवाणूच्या डीएनएचे तुकडे ई. कोलायमध्ये घुसवण्याचे प्रयोग झाले. ज्या वसाहतींतल्या प्रथिनांना उपदंशाच्या रुग्णांचा रक्तद्रव चिकटत होता, त्या निवडून बाजूला काढल्या. त्यांतून आज कामाला येणारी मंडळी निघाली: टीपीएन 15, टीपीएन 17, टीपीएन 47 आणि टीएमपीए. यातला ‘एन’ निकोल्स वाणाचा आणि आकडा प्रथिनाचे वजन किलोडाल्टनमध्ये. नावे रुक्ष असली तरी काम चोख आहे. नवी प्रथिने सुचवणारे पुष्कळ शोधनिबंध आले, पण बाजारातल्या किटमध्ये फिरून फिरून हीच सापडतात.

टीपीएन 17 प्रत्यक्ष कसे बनते ते पाहू. जनुकातला सुरुवातीचा थोडा भाग आधी छाटतात. मूळ जिवाणूत तो भाग प्रथिनाला पडद्याकडे नेतो आणि तिथे त्याला मेदाची शेपटी जोडली जाते. आपल्याला ती शेपटी नको, कारण तिच्यामुळे प्रथिन पाण्यात नीट विरघळत नाही. उरलेले जनुक, टोकाला सहा हिस्टिडीनचा गोंडा लावून, प्लाझ्मिडमध्ये बसवतात आणि ते ई. कोलायमध्ये सोडतात. शेकरवरच्या फ्लास्कमध्ये 37 अंशांवर ब्रॉथ गढूळ होत जाते. योग्य वेळी आयपीटीजी घातले की जिवाणू आपले काम सोडून हेच प्रथिन बनवत सुटतो. तीन-चार तासांनी पेशी खाली बसवून, बर्फात ठेवून, ध्वनिलहरींनी फोडतात आणि तो रस निकेलच्या कॉलममधून सोडतात. हिस्टिडीनचा गोंडा निकेलला धरून बसतो, बाकी सगळे वाहून जाते. शेवटी इमिडाझोल घालून प्रथिन सोडवतात आणि जेलवर चालवतात. निळ्या रंगात 17 च्या आसपास एकच ठसठशीत पट्टा दिसला की कामगिरी फत्ते.

पट्टा एकच का हवा? ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे थोडीफार प्रत्येकाच्या रक्तात असतात. ज्या कारखान्यात प्रथिन बनले त्याचीच धूळ मालाला लागली, तर निरोगी माणूसही ‘पॉझिटिव्ह’ निघेल. म्हणून कित्येक किटच्या द्रावणात मुद्दाम ई. कोलायचा अर्क घालतात, असली प्रतिपिंडे आधीच गुंतून पडावीत म्हणून. मला तरी सगळ्या तंत्रात ही युक्ती सर्वांत आवडली.

टीपीएन 47 ची गंमत वेगळी. हे प्रथिन पेनिसिलिनला चिकटते, इतकेच नव्हे तर त्याला तोडूही शकते. मग उपदंशावर 1943 पासून आजतागायत पेनिसिलिन कसे चालते? तोडल्यावर तयार होणारा तुकडाच या प्रथिनात अडकून बसतो आणि पुढचे काम ठप्प होते.

आरोग्य केंद्रातल्या झटपट चाचणीच्या पट्टीवर हीच प्रथिने दोन ठिकाणी असतात, नायट्रोसेल्युलोजवर आखलेल्या अदृश्य रेघेत आणि सोन्याच्या सूक्ष्म कणांवर. रक्तातले प्रतिपिंड एका हाताने सोन्याला आणि दुसऱ्या हाताने रेघेला धरते, आणि पंधरा-वीस मिनिटांत गुलाबी रेघ उमटते. ना सेंट्रिफ्यूज, ना फ्रिज. एचआयव्ही आणि उपदंश एकाच पट्टीवर तपासण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गरोदर स्त्रियांसाठी केली, ती या सोयीमुळेच.

पण रेघ काय सांगते तेही नीट समजून घ्यायला हवे. या जिवाणूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती, एवढेच ती सांगते. उपचार होऊन बरी झालेली व्यक्तीही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. आता रोग आहे का, औषध लागू पडले का, हे जुनी मेदाचीच चाचणी सांगते. रक्तद्रव कितीपट पातळ केला तरी ती पॉझिटिव्ह येते, तो आकडा म्हणजे टायटर; तो 1:32 वरून 1:8 वर आला म्हणजे उपचार लागू पडला. त्यामुळे पट्टी आली म्हणून व्हीडीआरएल किंवा तिच्याच जातीची आरपीआर निकालात काढणे चूक आहे. दुसरी मर्यादा यॉजची. याच जिवाणूच्या भावकीतला हा त्वचारोग महाराष्ट्राच्या आदिवासी भागातही होता, 2016 मध्ये भारत त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लहानपणी यॉज होऊन गेलेल्या आजीची रेघही गुलाबीच येऊ शकते, आणि प्रथिनांना हा फरक कळत नाही. अशा निकालावर कोणाच्या चारित्र्याचा पंचनामा करणाऱ्याला तर या चाचणीतले काहीच समजलेले नसते.

चाचणीत इतकी चालणारी ही प्रथिने लसीच्या मात्र फारशी उपयोगाची दिसत नाहीत. ती राहतात मुख्यतः बाहेरच्या पडद्याच्या आत. खुद्द त्या पडद्यावर प्रथिने फारच थोडी आहेत, हे 1989 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. जी थोडी आहेत त्यांतले टीपीआरके आपल्या सात जागा सतत बदलत राहते, आणि ही पिंपाच्या आकाराची प्रथिने ई. कोलायमध्ये नीट घडीही घेत नाहीत, गोळे होऊन बसतात. 2018 मध्ये ह्यूस्टनच्या नॉरिस यांच्या प्रयोगशाळेने सशाच्या पेशींसोबत हा जिवाणू फ्लास्कमध्ये दीर्घकाळ वाढवून दाखवला, आणि 2021 मध्ये सिॲटलच्या गटाने त्याच्या जनुकांत पहिल्यांदा फेरफार केला. पुढे टीपीआरकेचा बहुरूपीपणा मोडणारा वाणही त्यांनी तयार केला. सशांत टोचून पाहिल्यावर तो मूळ वाणापेक्षा दुबळा ठरला.